नंबर लागला, पुढे काय?

शनिवारी दुपारी ओक ट्री रोडवर गाडी लावायला जागा मिळाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढावं, असं आम्ही आयसेलिनकर म्हणतो. परवा जागा मिळाली. तिकीट राहिलं, कचोरी घ्यावी म्हणून मिठाईच्या दुकानात शिरलो, तर आत वेगळाच सोहळा चाललेला. टेबलावर सहा बशा मांडलेल्या, त्यांच्यावर एक गोल दिवा रोखलेला, आणि पंचविशीतली एक मुलगी जिलबीचा तुकडा तोंडाशी नेत होती, थांबत होती, पुन्हा नेत होती. पाचव्या खेपेला तिने तो एकदाचा खाल्ला. मालक लग्नातल्या वधूपित्यासारखा बाजूला उभा. कचोरी मागायची आमची काही हिंमत होईना.

काउंटरवरचा मुलगा मराठी निघाला. "काका, इन्फ्लुएन्सर आहे. जर्सीतल्या देशी खाण्यावाल्यांच्या यादीत तिसरी आली."

"यादी केली कोणी?"

"ते नाही माहीत. पण तिसरी आहे."

मंडळी, "ते नाही माहीत, पण तिसरी आहे" हे वाक्य आम्ही घरी येईपर्यंत घोळवत राहिलो. कारण हा विषय आमच्या पोटापाण्याशी येऊन भिडतो. नोकरी सुटल्यापासून आम्ही घरच्या घरी लोकांचे हिशेब आणि टॅक्सचं काम करतो. म्हणजे आम्हीही फ्रीलान्सरच. मराठीत याला मुक्त व्यावसायिक म्हणतात. एक तारखेच्या पगारातून मुक्त झालेला, एवढाच त्याचा अर्थ. मेंदी काढणारी, वाढदिवसाचे केक करणारी, मुंजीचे फोटो काढणारा, वेबसाइट बनवणारा, भाषांतर करणारी, अशी सगळी मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये बुटांच्या खोक्यात पावत्या भरून आमच्याकडे येतात. लोकांना इन्स्टाग्रामवरचे आकडे दिसतात, आम्हाला खोक्यातले दिसतात. तेव्हा नंबर लागल्याने फ्रीलान्सरच्या पदरात नेमकं काय पडतं, याबद्दल आम्ही चार शब्द बोलू शकतो असं वाटतं.

माणसांना असे नंबर द्यायची कल्पना काही कालची नाही. २००७ साली जो फर्नांडिस नावाच्या गृहस्थाची जबड्याची शस्त्रक्रिया झाली आणि तोंड तारांनी बांधून टाकलं. बोलणं बंद, म्हणून सगळा संवाद ट्विटर-फेसबुकवर. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की कोणाच्या शब्दाला किती वजन आहे ते मोजता येईल. २००८ मध्ये त्याने 'क्लाउट' काढलं. तुम्ही काय लिहिता आणि त्यावर किती लोक हालतात यावरून १ ते १०० मधला एक आकडा तुमच्या नावापुढे लागायचा. आकडा वरचा असला की कंपन्या भेटवस्तू पाठवायच्या. २०१० मध्ये व्हर्जिन अमेरिकाने टोरांटोची सेवा सुरू करताना अशा वजनदार मंडळींना फुकट विमानप्रवास देऊ केला होता!

टोरांटोचीच दुसरी गोष्ट 'वायर्ड' मासिकाने २०१२ मध्ये छापली. सॅम फिओरेला हा मार्केटिंगचा पंधरा वर्षांचा अनुभवी सल्लागार एका मोठ्या पदाच्या मुलाखतीला गेला. समोरच्याने विचारलं, तुमचा क्लाउट स्कोअर किती? याला ते काय असतं तेच ठाऊक नव्हतं. संगणकावर बघितलं तर ३४. नोकरी गेली ६७ वाल्याकडे. गडी जिद्दीचा. सहा महिने झटून त्याने स्कोअर ७२ वर नेला, आणि आकड्याबरोबर कामाची आणि व्याख्यानांची बोलावणीही वाढत गेली. पंधरा वर्षांचा अनुभव आधीही होता आणि नंतरही तेवढाच होता, हे लक्षात घ्या.

यात हसण्यासारखं आहेच, पण दोष कोणाला द्यायचा? अनोळखी माणसाला काम देताना प्रत्येकाला धाकधूक असते. नव्वदच्या दशकात ओक ट्री रोडवर देशी दुकानं वाढू लागली तेव्हा ही धाकधूक मंडळाच्या कार्यक्रमात मिटायची. "अहो, तुमच्याकडे मुंजीचे फोटो कोणी काढले?" झालं, काम ठरलं. आता एडिसन, आयसेलिन, वुडब्रिज इथं इतकी माणसं झाली की शेजारच्या अपार्टमेंटमधलं कुटुंब कुठल्या गावचं तेही कळत नाही. मग वहिनींच्या शब्दाची जागा आकड्याने घेतली. फ्रीलान्सरच्या मागे ना कंपनीचं नाव, ना ऑफिसची पाटी. त्याला हा आकडा पाटीसारखा उपयोगी पडतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका मेंदीवाल्या मुलीचंच बघा. आधी ती दिवाळी-करवा चौथला दुकानाबाहेर टेबल टाकून बसायची, हातामागे पैसे घ्यायची. मग तिच्या मेंदीच्या व्हिडिओंना लोक लागले आणि कुठल्याशा 'या वर्षीच्या दहा' यादीत नाव आलं. त्या वर्षीचं खोकं आम्ही उघडलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. कामांची संख्या फारशी वाढलेली नव्हती, पण दर दीडपट झाला होता. "आता घासाघीस करत नाहीत काका, आधीच व्हिडिओ बघून आलेले असतात," ती म्हणाली. दुसरं, कामं पेनसिल्व्हेनिया-कनेटिकटमधून आली होती, जिथे तिला ओळखणारं कोणीच नव्हतं. आमच्या मते खरा फायदा हाच. दर धरून ठेवता येतो, नको ते काम नाकारता येतं आणि ओळखीच्या कुंपणापलीकडचं गिऱ्हाईक मिळतं.

पण त्याच खोक्यात एक लेहंगा निघाला. म्हणजे त्याचा फोटो. एका दुकानाने फुकट दिला होता, त्याबदल्यात तिने दोन व्हिडिओ केले होते.

"याची किंमत?" आम्ही विचारलं.

"फुकट आहे हो काका."

"व्हिडिओ केलेस ना? मग फुकट कसला! तो मोबदला. बाजारभावाने उत्पन्नात धरायचा."

"पण मी तो एकदाच घातला!"

सरकारला त्याच्याशी कर्तव्य नसतं. खर्च वजा जाता वर्षाची कमाई ४०० डॉलर वा त्याहून जास्त झाली की नेहमीच्या करावर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर बसतो. लेहंगा विकून कर भरता येत नाही, तो रोख द्यावा लागतो. फुकटाच्या वस्तू स्वीकारताना हे गणित आधी करावं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. कोणी ऐकत नाही.

लेहंग्याचा प्रश्न पैशाने सुटला. याहून अवघड प्रश्न आमच्याकडे गेल्या वर्षी आला, आणि तो आयसेलिनमधल्या अनेक घरांतला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुण्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी. तिकडे डिझाइनचं चांगलं काम होतं. इकडे एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर आलेली. दिवसभर घरात बसून करायचं काय? मेट्रोपार्कच्या आसपास राहणाऱ्या नव्या जोडप्यांसाठी तिने व्हिडिओ सुरू केले: भाजी कुठे स्वस्त, बर्फात कुठले बूट, डब्याला काय. बघता बघता हजारो लोक झाले. मग एका उपाहारगृहाचं बोलावणं आलं, दोघांचं जेवण आणि वर दोनशे डॉलर. नवरा-बायको हौसेने आमच्याकडे विचारायला आले की हे दोनशे कुठल्या रकान्यात लिहायचे.

आम्ही म्हटलं, "आधी जेवायला जाऊ नका."

एच-४ वर काम करायला वेगळं परवाना-कार्ड लागतं. २६ मे २०१५ पासून ते काहींना मिळू लागलं, पण बहुतेकदा नवऱ्याच्या वा बायकोच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेलं असेल तरच. ते हातात नसताना मोबदला घेणं म्हणजे विनापरवाना काम, आणि मोबदला पैशातच असावा लागतो असं नाही. जेवणाची थाळीसुद्धा त्यात धरली जाऊ शकते. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी कोणी विचारलं तर व्हिडिओ तारखेसकट समोर आहेच. आम्ही हिशेबनीस, वकील नव्हे. त्यांना वकिलाकडे पाठवलं. त्यानेही तेच सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे नंबर लागला तो चुकीच्या वेळी," एवढंच म्हणाली. आम्हाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आकडे फुगवण्याबद्दल थोडक्यात, आणि स्वतःची लाज काढून सांगतो. बरीच वर्षं झाली, एकाने गळ घातली म्हणून आम्ही दोन हजार फॉलोअर विकत घेतले होते. सकाळी उठून बघतो तो आमच्या करसल्ल्याला जगाच्या कानाकोपऱ्यातून चाहते! त्यातल्या एकालाही न्यू जर्सीत टॅक्स भरायचा नव्हता. पैसे गेले ते गेले. आता तर धंद्यासाठी असे खोटे फॉलोअर जाणूनबुजून विकणं वा घेणं हे फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने बंद आहे. २१ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू झाला, आणि दर गुन्ह्याला पन्नास हजार डॉलरांहून जास्त दंड होऊ शकतो. वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं व्हिडिओत स्पष्ट सांगायचं, हे बंधन त्याच्याही आधीपासूनचं.

मायदेशी बघावं तर नंबराचं भाग्य उजळलेली आपली माणसं आहेत. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने रेडिओतला कार्यक्रम चालला नाही म्हणून २०१५ मध्ये यूट्यूबचा रस्ता धरला. २०२५ मध्ये 'टाइम'ने जगातल्या शंभर क्रिएटरांची पहिली यादी काढली त्यात तिचं नाव होतं. पण आम्हाला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते मधुरा बाचल यांचं. अमेरिकेत राहत असताना त्यांनी यूट्यूबवर पाककृती घालायला सुरुवात केली, पुढे मराठीतून सांगू लागल्या, आणि नंतर स्वतःचे मसाले आणले. मसाल्याचं पाकीट एकदा स्वयंपाकघरात गेलं की ते कुठल्या यादीवर अवलंबून राहत नाही. उलट नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी', यांचं चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये कोणीतरी हॅक केलं. काही दिवसांत ते परत मिळालं, पण त्या दिवसांत आजींना काय वाटलं असेल! दुकान आपलं, किल्ली दुसऱ्याकडे.

किल्लीवाला दुकानच बंद करतो तेव्हा तर बोलायलाच नको. लाखो लोकांनी ज्याच्यासाठी रात्री जागवल्या ते क्लाउट २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि २५ मे २०१८ रोजी बंद झालं. सगळे ७२ आणि ३४ एका दिवसात सारखे. लिंक्डइनने २०२३ मध्ये लेखांना उत्तरं देणाऱ्या जाणकारांना सोनेरी बिल्ला द्यायला सुरुवात केली; फ्रीलान्स सल्लागार त्यावर तुटून पडले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो देणं थांबलं. आमच्या ओळखीच्या एक वहिनी त्या काळात नवऱ्याच्या बिल्ल्यापायी रोज थंड जेवल्या. बिल्ला गेला, पण त्या दिवसांत लाभलेली दोन गिऱ्हाइकं अजून आहेत, कारण पहिल्या कामानंतर त्यांनी दोघांनाही फोन करून पुढच्या वर्षाचं काम लेखी ठरवून घेतलं होतं.

म्हणून मेंदीवाल्या मुलीला आम्ही एक वही घालून दिली आहे. व्हिडिओ बघून कोणी आलं की नाव, फोन, ईमेल, लग्नाची तारीख, धाकट्या बहिणीचं लग्न कधी, सगळं त्यात. यंदा ती यादीत आली नाही. खोकं मात्र गेल्या वर्षीएवढंच जड होतं, कारण तीन धाकट्या बहिणींची लग्नं झाली.

आणि ती पुण्याची मुलगी? उपाहारगृहाला तिने नाही कळवलं. व्हिडिओ हौसेपुरते चालू ठेवले, कोणाकडून कपभर चहाही घेतला नाही. नवऱ्याचं प्रकरण पुढे सरकलं, तिने अर्ज केला, आणि गेल्या महिन्यात कार्ड आलं. दोघं पेढे घेऊन आले होते. एका लहान शाळेच्या माहितीपत्रकाचं काम तिला मिळालंय. शाळा चालवणाऱ्या बाई दोन वर्षं तिचे व्हिडिओ बघत होत्या म्हणे. बिल कसं करायचं ते शिकवा म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचं पहिलं बिल केलं. क्रमांक एक.

"काका, एकपासून सुरू केलं तर नवखी वाटेन," ती म्हणाली, "१०१ टाकू का?"

टाकलं १०१.