खणांची वाटणी

वाड्याची वाटणी खोल्या मोजून होत नाही, खण मोजून होते. वाई-साताऱ्यात वाटणीचे नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण जुनं माणूस अजूनही चौरस फूट विचारत नाही. "आमच्याकडं किती खण येत्यात?" एवढंच विचारतं. दोन खांबांमधलं पाच-सहा फुटांचं अंतर म्हणजे एक खण.

घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भार सगळा या लाकडी सांगाड्यावर. मधल्या भिंती नुसत्या आडोशाला. म्हणून तर चार भावांनी माजघरात चार कूड घातले तरी माडी जागची हलत नाही. सांगलीच्या गावभागात २०१९ च्या महापुरानंतर हेच दिसलं. पांढऱ्या मातीच्या भिंती भिजून खाली बसलेल्या आणि खांब जोत्यावर ताठ उभे.

अखंड वाडा कसा असतो ते बघायचं तर वाईजवळ मेणवलीला जा. नाना फडणवीसांना हे गाव १७६८ मध्ये मिळालं आणि त्यांनी कृष्णेकाठी सहा चौकांचा वाडा नि घाट बांधला. (तिथे 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं ते सगळे सांगतात, चौक मात्र कुणी मोजत नाही.) वाड्यात देवडी, सदर, माजघर, स्वयंपाकघर, परसू असा एक क्रम असतो. परक्याने कुठवर यायचं ते त्यातच ठरलेलं.

वाटणीत पहिला बळी जातो तो या क्रमाचा. थोरल्याला सदर मिळते, तिथे मोरी नाही. धाकट्याला स्वयंपाकघर मिळतं, त्याला रस्त्याकडे दार नाही. मग दार फोडायचं, मोरी काढायची, आणि मोरीचं पाणी नेमकं खांबाच्या बुडाशी मुरायचं. वाईतल्या एका वाड्यात अर्ध्या विटेची भिंत थेट सुरूच्या घाटाच्या खांबावर आणून भिडवलीय. अलीकडच्या बिऱ्हाडात त्याच खांबाला हिरवा ऑइलपेंट, पलीकडे दोनशे वर्षांचं काळंभोर सागवान, वर केळफुलाची नक्षी. खांब कुणाचा? दोघांचा. वाळवी लागली की कुणाचाच नाही.

भावकीच्या जोडीला भाडेकरू आले. कुळकायद्याने जमिनी गेल्या, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जळितानंतर कितीतरी घरं पुण्याला निघून गेली, आणि वाड्यांतून बिऱ्हाडं भरली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं बांधलं ते १ सप्टेंबर १९४० च्या दराला. एवढ्या भाड्यात मालक कौलं कशाला शाकारील? आणि उद्या खाली करावी लागेल त्या जागेवर भाडेकरू तरी पैसा का घालील? मी दोघांनाही फारसा दोष देत नाही.

स्कॉटलंडमध्ये एकेका जुन्या घरात अशीच अनेक बिऱ्हाडं नांदत आली आहेत. एडिंबरातलं 'ग्लॅडस्टोन्स लँड' थॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने १६१७ मध्ये विकत घेतलं, वाढवलं आणि त्यातली बिऱ्हाडं भाड्याने दिली. तिथे वाटणी आडवी, मजल्यामजल्याची, जिना सामाईक. आपली बहुतेकदा उभी, जोत्यापासून आढ्यापर्यंत. जो तो आपापल्या पाख्याचा धनी, पण पन्हळ एकच आणि सांगाडाही एकच. एकाने हॉल मोठा करायला एक खांब काढला की शेजारच्या भावाची तुळई लोंबते.

आडव्या-उभ्या वाटणीपेक्षा मोठा फरक कायद्यात आहे. खरेदीखतात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर २००४ च्या तिथल्या कायद्यानुसार सामाईक भागाची दुरुस्ती बहुमताने ठरते आणि तिचा खर्च सगळ्यांवर बंधनकारक होतो. आपल्या वाटणीपत्रात खण असतात, कोनाडे असतात, आडावरचा हक्कसुद्धा असतो. दुरुस्तीचं नावही नसतं.

वाटणीपत्र करणार असाल तर एक कलम जास्त घाला: छप्पर, पन्हळ, जिना आणि सामाईक खांब यांचा खर्च कोण किती देणार, आणि सगळ्यांच्या सहीशिवाय खांबाला कुणी हात लावायचा नाही. मुद्रांकाचा खर्च त्याने वाढत नाही.