चांगल्या दिवसांबद्दल कोणी विचारलंच नाही

"झोप लागते का? भूक? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" एवढं विचारून डॉक्टर लिहायला लागायचे. उत्तरंही बहुतेक आमचे हेच द्यायचे. केसपेपरवर 'डिप्रेशन' असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

उरलेल्या अर्ध्याचं आमच्या घरात कौतुक चालायचं. दिवाळीच्या आसपास मी रात्री दोनला उठून चकलीची भाजणी भाजायला घ्यायचे. ती झाली की पहाटेपर्यंत शिलाई मशीन, आणि सकाळी पहिल्या तासाला वर्गात हजर. थकवा नावाला नाही! त्याच आठवड्यात शिक्षक पतपेढीतून कर्ज काढून क्लाससाठी गाळा घ्यायचं ठरवून मोकळी. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या अंगात वारं शिरलंय." याला आजार कोण म्हणणार? माणूस डॉक्टरकडे जातो तो आडवा पडल्यावरच.

बायपोलर ओळखायला अनेकांच्या बाबतीत वर्षं जातात ती याचमुळे. या आजारात उदासीच्या जोडीला उन्मादाचा काळ असतो. त्याचं सौम्य रूप म्हणजे हायपोमेनिया. झोप कमी होऊनही दमणूक नाही, बोलणं आणि विचार सुसाट, पैसा हातात टिकत नाही, आणि हे सलग निदान चार दिवस, अशी त्याची साधारण व्याख्या. उदासी मात्र नेहमीच्या डिप्रेशनसारखीच दिसते. बायपोलरमध्ये नुसत्या उदासीवरच्या गोळ्या दिल्या, तर काहींचा उन्माद उसळतो. माझं तेच झालं. गोळ्यांनी तोंडाचा पट्टा सुरू झाला, तर डॉक्टर यांच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी आता छान मोकळ्या झाल्यात." बाहेर पेशंटची रांग असते, वेळ पुरत नाही, हे मला समजतं. पण माझी तब्येत नवऱ्याला विचारायची, याला रांग कारणीभूत नाही.

नंतरच्या डॉक्टर बाईंनी यांना बाहेर बसवलं. माझं ऐकून झाल्यावर, मला विचारून, माझ्या बहिणीला आत बोलावलं. "झोपेवाचून ताजीतवानी, अशी ही कधी दिसली का?" बहिणीने भाजणीपासून गाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. मग घराण्यात कोणाला असं काही होतं का, ही चौकशी झाली. मामाचं नाव आमच्याकडे दबक्या आवाजातच निघतं. तिथे ते मोकळेपणी निघालं. थायरॉइडची तपासणीही झाली, कारण थायरॉइड बिघडला तरी मनःस्थिती बिघडू शकते. बायपोलर दाखवणारी रक्ततपासणी मात्र नाही. निदान होतं ते ऐकून आणि विचारूनच.

आता मी लिथियम घेते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. औषध गुणाचं, पण रक्तात जास्त झालं तर विषारी. म्हणून शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त देऊन पातळी बघतात, अधूनमधून मूत्रपिंड आणि थायरॉइडही.

तुमच्या घरात कोणी असे उपचार घेत असेल, तर गोळ्या मनाने बंद करू नका. एका वहीत तारीख, झोपेचे तास आणि खर्च लिहा, बरे दिवससुद्धा, आणि ती वही डॉक्टरांसमोर उघडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्या मागून घ्या. डॉक्टर बदलताना त्या हाताशी लागतात. आणि कोणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट मिळते.