गिऱ्हाईक आणि गोतावळा : काही गैरसमज

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गानं कर्नाळ्याकडे निघालं की शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावात झाला. त्यांचं बंड, रामोश्यांची साथ, एडनचा तुरुंग हे सगळं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्याआधीचा एक धागा मात्र मागे राहतो. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत असताना फडके महादेव गोविंद रानड्यांची देशी व्यापारावरची व्याख्यानं ऐकत आणि त्यातून ते स्वदेशीकडे ओढले गेले. एखाद्या मालाभोवती माणसं उभी करायची, ती टिकवायची, हा खटाटोप आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी जोरात सुरू होता.

आज पनवेल परिसरात मसाले आणि कोकम विकणारा बचत गट असो किंवा मोबाइलचं ॲप बनवणारी चार तरुण मुलं, प्रत्येकाला आपल्या वस्तूभोवती 'कम्युनिटी' हवी असते. ती कशी तयार होते याबद्दलच्या समजुती मात्र बऱ्याच चुकीच्या आहेत आणि त्यांपायी मेहनती माणसांची वर्षं वाया जातात. म्हणून त्या एकेक तपासून पाहाव्यात असं वाटतं.

गैरसमज : माल चोख असला की माणसं आपोआप जमतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चोख होता. लाकडी नांगर जमीन वरवर ओरबाडतो. लोखंडी नांगर ती खोल उलथतो आणि हराळीची मुळं वर काढतो. तरीही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर आहे, त्यानं अनोळखी अवजाराला घाबरणं अगदी रास्त होतं. पीक बुडालं असतं तर भरपाई कोण देणार होतं?

अशा माणसाचा विश्वास दुसऱ्या शेतकऱ्याच्या रानातली नांगरट पाहूनच बसतो. विकणाऱ्याच्या बोलण्यावर तो बसत नाही. शिवाय नांगर विकला म्हणजे काम संपलं असंही नाही. फाळ झिजतो, बदलावा लागतो. तो कुठं मिळेल, कसा बसवायचा, आपल्या जमिनीला कोणता नांगर चालेल, हे विचारायला माणूस लागतो. औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० साली, 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी संपादित केलेलं हे मासिक सुरुवातीला कारखान्याची खबरबात ग्राहकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचवण्यासाठी होतं. बघता बघता त्यात कथा, लेख, समाजसुधारणेची चर्चा आली. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. ज्यांनी आयुष्यात नांगराला हात लावला नाही, अशी घरं किर्लोस्कर हे नाव आपलं मानू लागली.

मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी अवजार, मग त्याची देखभाल, मग बोलणं, आणि त्यानंतर नांगरापलीकडच्या आयुष्याबद्दलचं बोलणं. आज अनेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. व्हॉट्सॲपवर गट काढतात, त्यावर रोज सकाळी सुविचार पाठवतात, आणि वस्तू बिघडली तर फोन उचलत नाहीत.

गैरसमज : भावनेला हात घातला की लोक कायमचे आपले होतात.

स्वदेशीइतकी मोठी भावना क्वचितच कुठल्या मालाच्या वाट्याला आली असेल. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली देशी वस्तूच वापरण्याचं व्रत घेतलं. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या वेशात गेले. १८७९ मध्ये फडक्यांवर खटला भरला गेला, तेव्हा सरकारी रोषाची पर्वा न करता त्यांचं वकीलपत्र घेणारे हेच काका. अशा माणसाच्या शब्दाला वजन होतं.

पण काकांना एक गोष्ट पुरती कळली होती : व्रत घेणाऱ्याला माल मिळाला पाहिजे. म्हणून देशी व्यापारोत्तेजक मंडळ उभं राहिलं. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असे रोजच्या वापरातले जिन्नस देशात करून घ्यायचे आणि ते विकायला दुकानं काढायची, अशी खटपट झाली. तरीही ही चळवळ तेव्हा मोजक्या घरांपुरतीच राहिली. एकीकडे मँचेस्टरचं स्वस्त कापड होतं. दुसरीकडे त्यावरची आयात जकात सरकारनं १८७९ मध्ये काही अंशी आणि १८८२ मध्ये जवळजवळ पूर्ण उठवली. काका १८८० साली गेले. पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या वेळी, स्वदेशीची लाट परत आली, तेव्हा ही जुनी मशागत उपयोगी पडली यात शंका नाही. मात्र मधल्या काळात निव्वळ निष्ठेच्या बळावर किती घरांनी महाग आणि जाडंभरडं कापड विकत घ्यावं, अशी अपेक्षा आपण ठेवणार? भावना माणसाला दारापर्यंत आणते. दुसऱ्यांदा तो येतो, ते त्याची गरज भागली म्हणून.

गैरसमज : जितके जास्त लोक, तितका समुदाय भक्कम.

इथं मुंबई ग्राहक पंचायतीकडे पाहावं. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेनं ती १९७५ साली सुरू झाली, आणि संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत पुढे होते. महागाई, भेसळ आणि टंचाईचे ते दिवस. पंचायतीनं एक साधी रीत घातली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक ग्राहक संघ करायचा. महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची. पंचायत घाऊक भावानं माल घेणार, तो संघातल्या एका घरी येणार, आणि सगळ्यांनी जमून तो वाटून घ्यायचा.

या रीतीत हजारो सभासदांची यादी दुय्यम ठरते. खरा जीव त्या दिवाणखान्यात असतो, जिथं पोती सोडली जातात आणि डाळ-तांदळाची पाकिटं मोजली जातात. तिथं प्रत्येकाला काही तरी काम असतं. कुणी हिशेब ठेवतं, कुणी यादी गोळा करतं, कुणाच्या घरी या महिन्याला माल उतरतो. ज्याच्यावाचून अडतं, तो टिकतो. नुसतं नाव नोंदवलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसरीकडे स्वस्त मिळालं की निघून जातो, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही.

याच संदर्भात लिज्जत पापडाचं उदाहरण हमखास दिलं जातं, पण ते वेगळं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन जे सुरू केलं, त्यात पापड लाटणाऱ्या भगिनी स्वतः मालक आहेत. तो करणाऱ्यांचा समुदाय आहे, खाणाऱ्यांचा नव्हे. बचत गटांनी हा फरक नीट ओळखावा. गटातल्या बायकांची एकजूट कितीही घट्ट असली, तरी तिच्यामुळे गिऱ्हाईक बांधलं जात नाही. ते काम निराळं करावं लागतं.

गैरसमज : तक्रारी करणारा माणूस गटात नको.

ज्याला वस्तूशी देणंघेणं नाही, तो तक्रार करत बसत नाही; मुकाट्यानं दुसरी घेतो. वाद घालणारा माणूस अजून तुमच्या दारात उभा आहे. आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला दिला. त्यामागे देशभरातल्या ग्राहक चळवळीची वर्षानुवर्षांची धडपड होती. कायद्याचा धाक नसतानाही जो विक्रेता तक्रार चारचौघांत ऐकतो आणि काय दुरुस्त केलं तेही चारचौघांत सांगतो, त्याच्याभोवती माणसं थांबतात.

गैरसमज : सगळी सूत्रं मालकाच्या हाती असली तरच शिस्त राहते.

हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं १९८३ साली आपल्या मोटारसायकलस्वारांचा संघ काढला, तेव्हा गावोगावच्या शाखा विक्रेत्यांच्या आधारानं, पण सभासदांनीच चालवायच्या असं ठरवलं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यातली भर, दुरुस्ती, वादांचा निवाडा हे सगळं वाचणारे-लिहिणारेच करतात. दोन्हीकडे नियम आहेत आणि ते कडकही आहेत. ते पाळून घेण्याचं काम वापरणाऱ्यांनी आपल्या अंगावर घेतलं आहे, एवढंच.

शिरढोणच्या किंवा कुठल्याही गावच्या छोट्या उत्पादकानं सुरुवात करायची तर त्याला हजार माणसं लागत नाहीत. ज्यांनी दुसऱ्यांदा माल नेला, अशा दहा-बारा घरांची नावं वहीत लिहावीत. काय आवडलं आणि काय खटकलं ते त्यांच्या घरी जाऊन विचारावं, आणि पुढचा घाणा करताना त्यांतल्या दोघा-तिघांना चव बघायला बोलवावं. तिखट कमी करायचं की नाही, हे त्यांनी ठरवू द्यावं.