गरम कोट म्हणजे नेमका किती गरम?

ॲडमिशनचं पत्र आलं, व्हिसा झाला, फेलोशिपचे कागद मार्गी लागले, की थंड देशात पीएचडीला निघालेल्या मुलींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोट कोणता घेऊ? आई म्हणते, जाडजूड घे. दुकानदार म्हणतो, मॅडम, मायनस वीसला आरामात चालेल. आधीच तिकडे पोचलेली सीनियर म्हणते, इथे येऊन घे. तिघांच्याही बोलण्यात एक शब्द गृहीत धरलेला आहे: 'गरम'. पण किती गरम, कोणासाठी आणि काय करत असताना, हे कोणीच विचारत नाही.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. पहिली फेलोशिप खात्यात पडायच्या आधी घरभाडं, डिपॉझिट, विमा असे खर्च उभे असतात. त्यात महागडा कोट घेतला आणि तरीही बस थांब्यावर दात वाजायला लागले, तर दोन्हीकडून नुकसान.

आज या कोटाच्या निमित्ताने संशोधनातली एक मूलभूत गोष्ट बघू. रोजच्या बोलण्यातला ढोबळ शब्द मोजता येणारी राशी कसा होतो, आणि त्या राशीच्या व्याख्येतल्या अटी विसरलं की काय गडबड होते, ते. दिसण्याचंही बोलू, पण आधी उष्णतेचा हिशोब.

कोट ऊब देत नाही

उष्णता तयार करतं ते आपलं शरीर. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. कोट फक्त तिचा बाहेर जाण्याचा वेग कमी करतो. तेही काम खरं तर कापड करत नाही, कापडात अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. लोकर, पिसं, पॉलिएस्टरचा कापूस हे सगळे हवेला एका जागी धरून ठेवायचे वेगवेगळे मार्ग. आजीची गोधडी ऊबदार का? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते म्हणून.

यातून पहिला नियम निघतो: कोटाचं वजन नाही, फुगीर जाडी महत्त्वाची. चांगलं भरण असलेल्या कोटात दर १ सेंटीमीटर जाडीला साधारण १.६ 'क्लो' इतका रोध मिळतो. क्लो म्हणजे काय, तेच आता बघायचंय.

'क्लो'ची व्याख्या

१९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तीन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात कपड्यांच्या उष्णतारोधासाठी क्लो हे एकक सुचवलं. २१ अंश सेल्सिअस तापमान, जवळजवळ स्तब्ध हवा आणि ५० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता असलेल्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवतील, तेवढ्या कपड्यांचा रोध म्हणजे १ क्लो. ढोबळमानाने पुरुषाचा एक सूट. एसआय पद्धतीत १ क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट.

हे मोजतात कसं? थर्मल मॅनिकिन नावाचा, आतून तापवलेला पुतळा असतो. त्याचा पृष्ठभाग त्वचेइतक्या तापमानावर ठेवतात, त्याला कपडे घालतात आणि तापमान टिकवायला किती वॅट लागतात ते बघतात. कमी वॅट लागले म्हणजे कपडे जास्त रोधक.

मला यात एक भाग फार आवडतो. २०१५ साली माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मॅनिकिनला वेगवेगळ्या प्रकारे साडी नेसवून मोजमापं प्रसिद्ध केली. साडी तीच, पण पदर खांद्यावर मोकळा सोडलाय की अंगाभोवती लपेटलाय यावर रोध बदलतो. आपल्या आज्या थंडीत पदर गुंडाळून घेत, तेच आता क्लोमध्ये वाचता येतं.

आकडेमोड करून बघू

शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेसाठी 'मेट' हे एकक वापरतात. शांत बसणं म्हणजे १ मेट, म्हणजेच त्वचेच्या दर चौरस मीटरला ५८ वॅट. उभं राहणं साधारण १.२ मेट, ताशी ४ किलोमीटरच्या आसपास चालणं साधारण २.६ मेट. यातला अंदाजे पाव भाग श्वासातून आणि बाष्पीभवनातून जातो. उरलेला तीन चतुर्थांश कपड्यांतून बाहेर पडतो. त्वचेचं सरासरी तापमान ३३ अंश धरू.

आता ओहमचा नियम आठवा. विभवांतराच्या जागी तापमानातला फरक, विद्युतधारेच्या जागी उष्णतेचा प्रवाह. रोध म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

बाहेर ० अंश आहे आणि तुम्ही बस थांब्यावर उभ्या आहात. प्रवाह ५२ वॅट, फरक ३३ अंश. एकूण रोध ०.६३, म्हणजे ४.१ क्लो. हलका वारा धरला तर कपड्यांबाहेरच्या हवेच्या थराचे यातले ०.३ क्लो मिळतात. कपड्यांकडून हवेत ३.८ क्लो.

त्याच ० अंशाला तुम्ही चालताय. प्रवाह ११३ वॅट, फरक तोच. कपड्यांकडून हवेत फक्त १.६ क्लो.

आता बाहेर उणे २० अंश आहे आणि तुम्ही चालताय. फरक ५३ अंश झाला. उत्तर येतं २.७ क्लो.

पुन्हा वाचा. उणे २० अंशाला चालणारीला जेवढे कपडे लागतात, त्यापेक्षा शून्याला उभं राहणारीला जास्त लागतात! हे गणित ढोबळ आहे. चालताना कपड्यांतली हवा ढवळली जाते, त्यामुळे रोध थोडा घटतो. हाताची बोटं, कान, नाक यांचा हिशोब वेगळा. आणि पाच-दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर शरीर तेवढी तूट सहन करतं. सविस्तर गणितासाठी आयएसओ ११०७९ हे मानक आहे. पण दिशा पक्की आहे. म्हणून 'मायनस वीसला चालेल' हे वाक्य अर्धवट आहे. चालेल, पण काय करत असताना?

कोट दुप्पट जाड, फायदा नाममात्र

मुलींच्या कोटांत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे कमरेपर्यंतचं फुगीर जॅकेट आणि खाली नुसती जीन्स. दिसतं छान. आता हिशोब बघू.

समजा, शरीराच्या अर्ध्या भागावर बाहेरच्या हवेच्या थरासकट एकूण ४ क्लो आहेत आणि उरलेल्या अर्ध्यावर १ क्लो. सरासरी अडीच येईल असं वाटतं ना? येत नाही. हे समांतर जोडणीतले रोध आहेत, उष्णता सोपी वाट धरते. उत्तर येतं १.६ क्लो. आता दुप्पट पैसे मोजून जॅकेट ८ क्लोचं घेतलं, तर एकूण होतात जेमतेम १.८. त्याऐवजी जॅकेट तेच ठेवून पायांवरचे कपडे २ क्लोचे केले, तर एकूण २.७!

म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा मध्यम जाडीचा कोट आणि जीन्सच्या आत थर्मल लेगिंग, ही जोडी आखूड महागड्या जॅकेटला सहज हरवते. टोपी, मफलर आणि हातमोजे यांनाही हेच लागू.

लेबल वाचताना

पिसांच्या कोटावर '७००' किंवा '८००' असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. हा फिल पॉवर. एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात, ते तो सांगतो. म्हणजे हा पिसांच्या दर्जाचा आकडा आहे. कोटात पिसं किती भरलीत, हे तो सांगत नाही.

८०० फिल पॉवरची १०० ग्रॅम पिसं साधारण २८२० घन इंच जागा भरतात. ६०० फिल पॉवरची १५० ग्रॅम पिसं ३१७५ घन इंच. म्हणजे त्याच मापाच्या आणि त्याच शिवणीच्या कोटात 'कमी' आकड्याचा कोट जास्त ऊबदार, फक्त थोडा जड. घनता आणि वस्तुमान यांत जसा फरक, तसाच इथे. दुकानात पिसांचं वजन विचारा. सांगता आलं नाही तर कोट दाबून सोडा आणि किती फुगतो ते बघा.

मापाचंही तेच. अंगाला घट्ट बसणारा कोट आरशात चांगला दिसतो, पण आतला स्वेटर दबला की हवा गेली. ट्रायल घेताना आत स्वेटर घालून हात पुढे आणि वर करून बघा. खांद्यात आणि काखेत ओढ बसत असेल तर एक माप मोठं घ्या.

कुठे काय घालायचं

रोज लॅबला चालत किंवा सायकलने: वर बघितलंच, शरीर स्वतः भरपूर उष्णता तयार करतं. जाड कोट घातला तर घाम येईल, आणि ओले कपडे थांबल्यावर गारठवतील. वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर पुरे. सायकल असेल तर खालूनही उघडणारी चेन बघा.

बस थांबा, स्टेशन, फील्डवर्क: इथे लांब, फुगीर, टोपीवाला कोट हवाच. पैसे खर्च करायची जागा ही.

पाऊस आणि थंडी एकत्र असलेली शहरं: नेदरलँड्स किंवा ब्रिटनमध्ये हिवाळा बराचसा शून्याच्या वरच, पण ओला. पिसं भिजली की गोळा होतात आणि हवा धरत नाहीत. तिथे पॉलिएस्टरचं भरण आणि वर पाणी अडवणारं कापड बरं. एडमंटनसारख्या कोरड्या, कडक थंडीत पिसांना तोड नाही.

कॉन्फरन्स, मुलाखत, प्रेझेंटेशन: गुडघ्यापर्यंतचा, सरळ कटचा लोकरीचा ओव्हरकोट. काळा, राखाडी किंवा गडद निळा रंग सगळ्यावर जातो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली लागत नाही. पण जाडीच्या हिशोबात ती पिसांइतकी फुगत नाही. म्हणून आत बिनबाह्यांचं पातळ पिसांचं जॅकेट घाला. हॉलमध्ये शिरताना ते काढून बॅगेत टाकता येतं. लेबलवर लोकरीचं प्रमाण जरूर वाचा, 'वूल ब्लेंड' या शब्दात काहीही खपतं.

महाराष्ट्र मंडळाची दिवाळी: साडीवर आखूड जॅकेट घातलं तर कमरेखाली सगळा वारा. तोच लांब ओव्हरकोट इथेही कामाला येतो, आणि परकराच्या आत थर्मल लेगिंग कोणाला दिसत नाही. कोटाचा घेर मात्र निऱ्या मावतील इतका हवा.

म्हणजे दोन कोट पुरतात: एक फुगीर, एक लोकरीचा. बाकी काम आतले थर करतात, आणि ते इथून नेता येतात. तिबेटी स्वेटरवाल्यांकडचा चांगला स्वेटर, थर्मलच्या दोन जोड्या, पायमोजे न्या. मोठा कोट तिकडे जाऊन, तिथली हवा बघून घ्या. सप्टेंबरमध्ये पोचलात तर तेवढा वेळ असतो. जुना, चांगल्या स्थितीतला कोटही चालतो. हवेला कोट नवा की जुना हे कळत नाही.

हा आकडा कोणाचा?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हवामानाच्या ॲपवर 'फील्स लाइक उणे २०' असं दिसतं. या प्रकारच्या आकड्यांचं मूळ पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांच्या अंटार्क्टिकावरच्या प्रयोगांत आहे. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं, ते त्यांनी मोजलं. २००१ साली अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र आणलं, आणि ते उघड्या चेहऱ्यासाठी आहे. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर ते उणे २० दाखवतं. पण वारा अडवणाऱ्या कोटाच्या आतल्या पाठीला ते लागू नाही. त्या आकड्यावरून मफलर ठरवा, कोट नव्हे.

तसंच मेटचं. २०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये किंग्मा आणि व्हॅन मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी दाखवून दिलं, की १ मेटचा प्रमाण आकडा ७० किलो वजनाच्या, ४० वर्षांच्या पुरुषावरून आलेला आहे, आणि ऑफिसात हलकं काम करणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये उष्णतानिर्मिती त्या गृहीतकापेक्षा कमी आढळते. वरची माझी सगळी आकडेमोड त्याच मेटवर उभी आहे! म्हणजे तुमच्यापैकी अनेकींना त्या उत्तरांपेक्षा थोडे जास्त क्लो लागतील. स्लीपिंग बॅगच्या मानकात हा फरक मान्य केलाय: तिथे 'कम्फर्ट' तापमान प्रमाण स्त्रीसाठी आणि 'लिमिट' तापमान प्रमाण पुरुषासाठी दिलेलं असतं. रोजच्या फॅशन कोटावर अशी सक्तीची पाटी नसते. म्हणून 'उणे वीस' लिहिलेलं दिसलं की विचारायचं: कोणाच्या शरीरावर, काय करताना, किती वाऱ्यात?

उद्या पेपर वाचायला बसाल तेव्हाही हेच तीन प्रश्न कामाला येतील. कोणतीही राशी तिच्या व्याख्येतल्या अटींसकट येते. अटी गाळून नुसता आकडा उचलला, की तो दुकानदाराचा आकडा होतो.

कोट घ्यायच्या आधी एक काम करा. कागदावर तीन रकाने आखा: बाहेर कुठे जाणार, तिथे उभी असेन की चालत असेन, आणि किती मिनिटं. तुमच्या शहराचं जानेवारीतलं सरासरी तापमान शोधा आणि वरचं गणित स्वतः करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या फेलोशिपमधून केलेली पहिली मोठी खरेदी त्यावर ठरणार आहे.