आपला वकील कोण?

आमच्या वरवट बकालकडे कोर्टाचे काम निघाले की घरातील वडीलधारी माणसे आधी विचारतात, "वकील कोण लावला?" एका माणसाच्या खटल्याचे हे असे. मग साऱ्या समाजाची बाजू मांडायची असेल तर वकील कोण असावा? या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या वकिलाच्या चरित्रात सापडते.

नारायण गणेश चंदावरकर यांचा जन्म १८५५ साली होन्नावर येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. १८८१ साली ते कायद्याची परीक्षा पास झाले व मुंबईत वकिली करू लागले. पुढे ते राजकारणात शिरले. १९०० साली लाहोरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि १९०१ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले, त्याचेही अध्यक्षपद चंदावरकरांनी स्वीकारले. त्या काळी हे सोपे नव्हते. त्यांचे हे ऋण आम्ही मानतो.

परंतु ११ नोव्हेंबर १९१७ रोजी काय घडले तेही मुलांना सांगितले पाहिजे. त्या दिवशी मुंबईत चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची सभा भरली आणि तिने काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा दिला. काही दिवसांतच बापूजी नामदेव बागडे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी सभा झाली. तिने त्या योजनेला नकार दिला व आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, अशी मागणी केली. समाज तोच, पण अध्यक्ष बदलताच ठराव उलटा झाला!

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना, अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांतूनच हवेत, असे त्यांनी ठासून सांगितले. तेव्हा ते बॅरिस्टरही झाले नव्हते. चंदावरकर १९२३ साली वारले आणि त्याच साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस आपल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते.

आज ग्रामपंचायतीत राखीव जागेवर आपला माणूस बसतो, तो हक्क त्या मागणीतून आला आहे. पण तिथे बसून तो दुसऱ्याच्या इशाऱ्यावर अंगठा उठवत असेल, तर जागा आपली आणि तोंड दुसऱ्याचे! म्हणून बंधू-भगिनींनो, ग्रामसभेला जा, आपल्या सदस्याला जाब विचारा आणि घरातील एक तरी मुलगी किंवा मुलगा कायदा शिकेल असे पाहा.

जयभीम!