पोरीचे पोट वरचेवर दुखते तेव्हा

वस्तीतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे पोट दुखू लागले की तिला ठरलेली उत्तरे मिळतात. पाळी येणार असेल. बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल. बेंबी सरकली असेल. आणि सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे, शाळा बुडवायचे नाटक असेल. बहुतेक मुलींचे दुखणे खरोखर साधेच असते आणि दोन दिवसांत थांबते. हा लेख उरलेल्या मुलींसाठी आहे. त्यांचे दुखणे थांबते, महिन्याभराने पुन्हा येते, पुन्हा थांबते, आणि तेवढ्या काळात पोरगी सुकत जाते.

आम्ही सर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षे काढली, आता वस्त्यांतून फिरतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. पोटातला दुर्मिळ आजार उशिरा सापडतो, कारण तो डॉक्टरांनाही क्वचितच भेटतो, हे खरे आहे. पण तो ज्या मुलीला झाला आहे, तिच्या बोलण्यावर घरात आणि दवाखान्यात कोणी विश्वास ठेवत नाही, हेही तेवढेच खरे आहे. अशा दोन आजारांबद्दल आज सांगतो. दोन्ही कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये दिसतात, दोन्हींवर शस्त्रक्रियेने इलाज होतो, आणि दोन्हींना आधी 'गॅस' म्हणूनच गोळ्या मिळतात.

पहिल्या आजाराला डॉक्टर 'अ‍ॅब्डॉमिनल ककून' म्हणतात. ककून म्हणजे कोश, रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तसा. आपले लहान आतडे साधारण वीस फूट लांब असते. एवढी लांबी पोटात मावते कारण ते वेटोळे घालून बसते, आणि वेटोळी एकमेकांवरून सहज सरकतात, कारण पोटाच्या आतले अस्तर ओलसर आणि गुळगुळीत असते. या आजारात त्या वेटोळ्यांभोवती हळूहळू जाड, पांढरट पडदा तयार होतो. आतडे पिशवीत कोंबल्यासारखे होते. आतून अन्न पुढे ढकलायला त्याला जागाच उरत नाही. मग पोटात कळ येते, पोट फुगते, उलटी होते. थोडे अन्न कसेबसे पुढे गेले की कळ थांबते. म्हणूनच लोक फसतात. सुई टोचल्यावर दुखणे थांबले, म्हणजे सुईने बरे वाटले असे सगळ्यांना वाटते. खरे तर ते त्या वेळेपुरते आपोआप थांबलेले असते.

हा आजार पहिल्यांदा १९०७ साली वैद्यकीय लिखाणात नोंदला गेला, पण 'ककून' हे नाव १९७८ साली आले. आतडे अडकलेल्या काही किशोरवयीन मुलींवर शस्त्रक्रिया करताना सर्जनांना हा पडदा दिसला आणि त्यांनी त्याला कोशाचे नाव दिले. पाळीचे रक्त उलट पोटात जाऊन हा पडदा बनत असावा, असा अंदाज तेव्हा काहींनी केला होता. पुढे पुरुषांमध्येही हा आजार सापडला आणि तो अंदाज सगळ्यांना लागू पडेना. काही रुग्णांत कारण कधीच कळत नाही. वर्षानुवर्षे पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांनाही हा पडदा होऊ शकतो. पण आपल्या देशात एक कारण वारंवार पुढे येते, आणि ते आपल्या वस्तीला चांगले ओळखीचे आहे. ते म्हणजे टीबी.

टीबी म्हटले की खोकला, हे समीकरण डोक्यात इतके घट्ट बसले आहे की पोटाचा टीबी असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, थुंकी तपासून काही निघाले नाही, तरी पोटात टीबी असू शकतो. संध्याकाळी येणारी कणकण, भूक मरणे, वजन घटणे, पोटात पाणी होणे, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस संडासलाच न होणे, अशी त्याची लक्षणे असतात. बहुतेकांच्या पोटात त्याचा कोश होत नाही. आतडे आकसते, एकमेकांना चिकटते, गाठी होतात. कोश हा त्यातला विरळा प्रकार. एक गोष्ट मात्र शेजारपाजारच्यांना सांगा: टीबी फक्त पोटात असेल, छातीत नसेल, तर तो श्वासातून दुसऱ्याला लागत नाही. त्या पोरीचे ताट-वाटी वेगळे करायचे काही कारण नाही.

दुसरा आजार ऐकायला विचित्र वाटतो. पोटात केसांचा गोळा. काही मुली मनावर ताण आला की स्वतःचे केस उपटतात आणि नकळत ते गिळतात. केस पचत नाहीत. ते इतके गुळगुळीत असतात की जठर त्यांना पुढेही ढकलू शकत नाही. ते जठराच्या घड्यांत अडकतात, त्यात अन्न अडकते, पुन्हा केस येतात, आणि वर्षा-दोन वर्षांत जठराच्याच आकाराचा गोळा तयार होतो. बाहेर काढल्यावर तो काळाकुट्ट असतो, कारण पोटातले आम्ल केसांना काळे करते. आणि त्याचा वास! ऑपरेशन थिएटरमधली जुनी माणसेही नाक धरतात. कधी त्या गोळ्याची शेपटी जठरातून खाली आतड्यात उतरते. त्या प्रकाराला १९६८ साली 'रॅपन्झेल' हे नाव पडले, लांबसडक केसांच्या एका जर्मन परीकथेतल्या मुलीवरून.

या मुलींची खूण अशी की दोन घास खाल्ले तरी पोट भरते, तोंडाला वास येतो, अंगात रक्त कमी असते, आणि बरगड्यांच्या खाली पोटात टणक गोळा हाताला लागतो. डोक्यावर कुठेतरी केस विरळ झालेले असतात, ते ती वेणीखाली लपवते. आईने न्हाऊ घालताना नीट बघितले तर सापडते. यावर एक कळकळीची गोष्ट: अशा पोरीला देवऋष्याकडे नेऊ नका आणि मारू नका. ती मुद्दाम करत नाही, तो मनाचा आजार आहे. माती, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुली आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांच्यात बरेचदा लोहाची कमतरता असते, त्यांचेही रक्त तपासून घ्या.

आता तपासणीचे बघू. पोट दुखते म्हणून सरकारी दवाखान्यात गेलात की डॉक्टर पाळी कधी आली, लग्न झाले आहे का, हे विचारतील. त्याचा राग मानू नका, तो प्रश्न योग्य आहे आणि कधीकधी जीव वाचवतो. पण तो प्रश्न शेवटचा नसावा. आमचा अनुभव असा की कळ थांबलेली असताना मुलगी डॉक्टरांसमोर उभी राहते, पोट मऊ लागते, आणि दोन मिनिटांत कागदावर अँटासिड लिहून मिळते. म्हणून आम्ही वस्तीतल्या आयांना एक जुनी वही करायला सांगतो. कळ कोणत्या तारखेला आली, किती वेळ राहिली, उलटी झाली का आणि ती हिरवी-पिवळी होती का, पोट फुगले का, शेवटची संडास कधी झाली, पाळीची तारीख कोणती. महिन्यातून एकदा वजन. अशी वही टेबलावर ठेवली की गर्दीतला डॉक्टरही थांबतो. 'हिचे सारखे दुखते' या वाक्यापेक्षा 'चार महिन्यांत पाच वेळा कळ आली आणि सहा किलो वजन उतरले' या वाक्याला वजन असते.

सोनोग्राफी पहिली पायरी आहे, पण तिच्यात कोश सुटून जाऊ शकतो. उभे राहून काढलेल्या पोटाच्या एक्स-रेमध्ये आतडे अडल्याच्या खुणा दिसतात. खरी ओळख सीटी स्कॅनमध्ये पटते: आतड्याची सगळी वेटोळी पोटाच्या मध्ये गोळा झालेली आणि त्यांच्याभोवती जाड कडा. केसांच्या गोळ्यासाठी तोंडातून दुर्बीण घालतात, ती पाच-दहा मिनिटांची गोष्ट आहे. तेव्हा सोनोग्राफी 'नॉर्मल' आली आणि दुखणे चालूच राहिले, तर 'सीटी करायला लागेल का?' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारताना हात जोडायची गरज नाही.

कळ आलेली असताना काय करू नये, हे जास्त महत्त्वाचे. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका. आतडे अडलेले असताना जुलाब देणे म्हणजे तुंबलेल्या गटारात आणखी पाणी सोडण्यासारखे आहे. बेंबी बसवायला पोट चोळून घेऊ नका, बिब्बा घालू नका. पोट टम्म फुगले, हिरवी उलटी झाली, वारासुद्धा सरेना, तर पाणीही देऊ नका आणि १०८ ला फोन करा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत तो भाग सडतो. सकाळपर्यंत वाट बघण्यात पोरी गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

शस्त्रक्रियेचे नाव काढले की घरात पहिला प्रश्न पोरीच्या जिवाचा येत नाही, हे लिहिताना वाईट वाटते. प्रश्न येतो, 'पोटावर टाके पडले तर हिचं लग्न कसं होणार?' एका घरात सर्जनने तारीख दिलेली असताना मामाने मुलीला सुट्टी घेऊन गावी नेले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा आतड्याचा फूटभर तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. ती वाचली, पण जी शस्त्रक्रिया तिला नुसता पडदा सोलून झाली असती, ती दुप्पट मोठी झाली. या शस्त्रक्रियेत गर्भाशय काढत नाहीत. पोटावर उभा व्रण राहतो एवढेच. सिझरचा व्रण घेऊन किती बाया आपल्या वस्तीत फिरतात, त्यांचे कोणी काही काढते का?

कोशाच्या शस्त्रक्रियेत सर्जन तो पडदा हळूहळू सोलतो आणि चिकटलेली वेटोळी एकेक सुटी करतो. वेळखाऊ काम आहे. घाई केली तर आतड्याला भोक पडते, म्हणून आतून सिस्टर 'अजून चालू आहे' म्हणाली की बाहेर गोंधळ घालू नका. आतडे जिवंत असेल तर ते कापत नाहीत. टीबी आधीच पक्का झाला आणि अडथळा थोडाच असला, तर काही रुग्ण नुसत्या औषधांवरही सुधारतात. ते ठरवणे सर्जनचे काम. केसांचा गोळा लहान असला तर क्वचित दुर्बिणीने निघतो, मोठ्यासाठी जठर उघडावेच लागते. पण नुसता गोळा काढून इलाज संपत नाही. मानसोपचार विभागात नेले नाही तर तो पुन्हा होऊ शकतो. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा, आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते त्याच्याकडून पक्के करून घ्या, मगच खासगी डॉक्टरच्या 'आजच पन्नास हजार भरा' ला उत्तर द्या. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खाट रिकामी नाही म्हणाले तर तेच लेखी मागा. लेखी मागितले की खाट निघाल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

ऑपरेशननंतरचे चार-सहा दिवस नातेवाइकांच्या परीक्षेचे असतात. आतडे झोपलेले असते, ते जागे व्हायला वेळ लागतो. नाकातली नळी त्यासाठीच असते. 'पोरगी उपाशी आहे' म्हणून चहा-बिस्किट चोरून देणाऱ्या आज्या आम्ही रंगेहाथ पकडल्या आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण टाका उसवतो तो पोरीचा.

आणि एक कागद. शस्त्रक्रियेत काढलेल्या पडद्याचा तुकडा तपासायला जातो. टीबीची शंका असेल तर तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा, एक फॉर्मॅलिनची आणि एक साध्या सलाईनची, कारण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि मग ते वाढवून बघता येत नाहीत. हे सर्जनला आधी विचारून ठेवा. रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर मुलीला सुट्टी मिळालेली असते, ती जेवू लागलेली असते, आणि रिपोर्ट आणायला कोणीच जात नाही. वॉर्डच्या कपाटात न नेलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा असायचा. त्यातल्या काहींवर टीबी लिहिलेले असायचे. त्या मुलींना सहा महिन्यांचे मोफत औषध मिळायला हवे होते, आणि आता पोषणासाठी मिळतात ते महिन्याला १००० रुपयेही. ते औषध मिळाले नाही, तर सोललेल्या पोटात टीबी तसाच राहतो.

म्हणून सुट्टीच्या कागदावर 'बायोप्सी पाठवली' असे लिहिले आहे का ते बघा, नंबर त्याच वहीत उतरवून घ्या, आणि टाके काढायला जाल त्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरकडे तो नंबर दाखवून रिपोर्ट मागा. आला नसेल तर पुढची तारीख वहीत लिहून घ्या.