तीन हजार पिल्लं, सहा शेगड्या

रात्री २.१०

शेडमधले तीसही बल्ब एकदम जातात. पाठोपाठ मळ्यामळ्यांतल्या मोटारी गप्प होतात. काकू उठतात, बॅटरी घेतात, स्वेटर चालता चालता अंगात घालतात. "डीपी गेली," एवढंच म्हणतात आणि शेडकडे निघतात.

निफाड तालुक्यातली ही मळ्यातली वस्ती. जानेवारी महिना. कांदा, गहू, द्राक्षं, सगळ्यांना पाणी याच दिवसांत लागतं. या आठवड्यात शेतीची थ्री-फेज रात्रीच्या पाळीत आहे. वीज आली की सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि डीपीवरच्या फ्यूजला तेवढा भार झेपत नाही. घराची आणि शेडची लाईन त्याच डीपीवरून आलेली.

शेडमध्ये ३,००० पिल्लं आहेत. येऊन आज तिसरी रात्र. आली तेव्हा एकेक ४० ग्रॅमच्या आसपास होतं. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला अंगची ऊब धरून ठेवता येत नाही. ती बाहेरून द्यावी लागते: पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा. म्हणून २०० वॅटचे ३० बल्ब. तासाला ६ युनिट. घरातल्या इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा चालतो. हा भार त्याला उचलत नाही. जनरेटर घ्यायचं दोन बॅचपासून ठरतंय.

रात्री २.२५

सहा शेगड्या शेडबाहेर ओळीने मांडलेल्याच आहेत. तेलाचे पत्र्याचे डबे कापून, खिळ्याने भोकं पाडून काकांनी घरीच केलेल्या. तळाशी तुराट्या, वर लोणारी कोळसा. काकू रॉकेलचा थेंबही वापरत नाहीत. त्याचा वास पिल्लांच्या छातीत जातो, असं त्यांचं म्हणणं. मुलगा पुठ्ठ्याने वारा घालतो. धूर पूर्ण जाऊन निखारा लाल होईपर्यंत एकही शेगडी आत जात नाही. याला वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं फार लांब असतात. आतून पिल्लांचा चिवचिवाट चढत जातो, तीक्ष्ण होतो, आणि काकू दाराकडे बघत राहतात, पण घाई करत नाहीत.

मग एकेक शेगडी पक्कडीने धरून आत. खाली चार विटा, वर पत्र्याचं झाकण, भोवती जाळी, म्हणजे पिल्लू उडी मारून भाजणार नाही. खाली तूस आहे, घोटीच्या भातगिरणीतलं. एक ठिणगी पडली तर सगळं शेड जाईल. म्हणून प्रत्येक शेगडीजवळ पाण्याची बादली.

रात्री ३.००

थर्मामीटर पिल्लांच्या उंचीवर टांगलेला आहे, जमिनीपासून दोन बोटं वर. २७ अंश. पण काकू त्याच्याकडे एकदाच बघतात. त्यानंतर फक्त पिल्लांकडे.

प्रत्येक चिक गार्ड म्हणजे पत्र्याचं गोल कुंपण, दीड फूट उंच, आत ५०० पिल्लं. गोल अशासाठी की कोपरा राहू नये. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांवर चढतात, कोपरा सापडला तर तिथे ढीग होतो आणि खालची गुदमरतात. आत्ता गार्डांत तेच चाललंय. काकू गुडघ्यावर बसतात आणि दोन्ही हातांनी ढीग उकलत जातात. हळू, पण न थांबता. एक गार्ड झालं की दुसरं. सहावं होईस्तोवर पहिल्यात पुन्हा ढीग. मग पुन्हा पहिलं.

मधूनच एखादं पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावतात. पाय गार लागले तर शेगडी दोन विटा जवळ. गळ्याखालची पिशवी चाचपतात. भरलेली आणि मऊ असेल तर पिल्लू खातंय, पाणी पितंय. मलाही एक हातात देतात. पाय गार आहेत. त्याच्या हृदयाचे ठोके तळहातावर लागतात आणि ते खाली ठेवायला मन होत नाही.

पोत्यांचे पडदे चारी बाजूंनी खाली सोडलेले, पण वर हातभर फट उघडी. "ती बुजवायची नाही," काकू मुलाला पुन्हा सांगतात. कोळशाच्या वायूला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये तो पिल्लांना मारतो आणि राखणाऱ्यालाही.

रात्री ३.५०

मुलाला शेडमध्ये बसवून काकू घरात येतात. घरातली कामं वेगळी.

आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी पाय गार. त्यांना खोलीत शेगडी हवी असते. काकू ती देत नाहीत. दार लावून शेगडीजवळ झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, हे या भागात सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याऐवजी चुलीजवळ तापत ठेवलेली वीट, जुन्या लुगड्यात तीन पदरी गुंडाळून, पायथ्याशी. "चटका नको बसायला, आत्याबाई, पाय टेकवू नका." वीट तासभर ऊब देते. मग दुसरी.

वाघ्या बारा वर्षांचा आहे. म्हातारा कुत्रा थंडीत सांध्यांनी आखडतो, उठताना मागचे पाय घसरतात. त्याचं पोतं काकूंनी फरशीवरून उचलून लाकडी फळीवर टाकलंय आणि आत गव्हाचं काड भरलंय. फरशी अंगातली ऊब ओढून घेते. जुनं कापड घातलं तर ते दमट होतं. काड कोरडं राहतं. गोठ्यात शेळीची दोन करडं आहेत. त्यांना बारदानाची झूल, पोटाखालून सुतळीने बांधलेली. काकू झुलीखाली हात घालून बघतात. कोरडी आहे. पुढे जातात.

पहाटे ४.४०

काका द्राक्षबागेत. पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. एरवी पहाटे ठिबक सोडलं की जमिनीची ऊब वर येते. आज मोटार बंद. म्हणून नुसत्या शेकोट्या, ओळीआड एक. छाटणीच्या काड्या यासाठीच जपून ठेवलेल्या. बागेवर धूर आडवा पसरतो. एका घरात आज ऊब तीन ठिकाणी लागतेय आणि हात आहेत सहा.

सकाळी ६.४५

सूर्योदयाच्या सुमाराला गारठा सगळ्यांत जास्त. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा मुलाच्या फोनवर येतो: ६ अंशांच्या खाली. शेडमध्ये ३१. शेगड्यांत तिसऱ्यांदा कोळसा पडलाय.

आता मोजणी. अकरा मेलेली. त्यातली सात एकाच गार्डमधली, दाराजवळच्या. वारा तिथूनच शिरला. काकू अकराही घमेल्यात घेतात, शेडमागच्या खड्ड्यात टाकतात, वर चुना, वर माती. हात साबणाने दोनदा धुतात. बॅच कार्डावर मरतुकीच्या रकान्यात ११ लिहितात. कार्डावर खाद्याचा रकाना आहे, औषधाचा आहे, लशीचा आहे. कोळशाचा नाही.

सकाळी ९.३०

ऊन शेडवर आलं. पूर्वेचा पडदा वरून दोन फूट खाली. रात्रभर कोंडलेली हवा निघून जाते, डोळ्यांची चुरचुर थांबते. चार शेगड्या बाहेर, दोन आत. पाण्याची भांडी धुऊन कोमट पाणी, त्यात गूळ. पिल्लं गार्डभर पसरतात: काही खातात, काही झोपतात, काही नुसतीच पळतात. रात्रीनंतर काकू पहिल्यांदा चहा बसून पितात.

सकाळी ११.१५

कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवर येतो. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, तूस, वीज, पाणी, ऊब आणि राबणं काकूंचं. बेचाळीसेक दिवसांनी पक्षी दोन किलोच्या वर गेला की किलोमागे साडेसहा रुपये. मरतुक वाढली किंवा खाद्य जास्त लागलं की त्यातून कापणी.

"ताई, अकरा म्हणजे बरं राखलंत," तो म्हणतो. पिल्लांचे पाय, बेंबी बघतो. थंडी बसलेल्या पिल्लाच्या पोटातला बलक नीट जिरत नाही. ते आज उभं दिसतं आणि आठवड्याच्या शेवटी मागे पडतं. "दाराजवळच्या गार्डकडे लक्ष ठेवा." व्हिटॅमिनची पुडी देऊन तो पुढच्या शेडकडे जातो.

दुपारी १.००

कोळसा संपलाय. काल रात्री एक आख्खी गोणी गेली, अठ्ठावीस किलो. किलोला ४० रुपये. म्हणजे अकराशे वीस. मुलगा दोन गोण्या आणायला जातो. थंडी पडल्यावर कोळसेवाला भाव सोडत नाही. काकू दाराच्या फटीला बारदान शिवतात. दाभण, सुतळी, दुहेरी टाका. आत्याबाई उन्हात बसून सुतळीचा गुंता सोडवतात. वाघ्या त्यांच्या सावलीत न बसता सरळ उन्हात पसरलाय.

झोपा थोडं, असं मी म्हणते. काकू टाका पुरा करतात. "झोपले तर रात्री उठणं जड जातं," म्हणतात.

दुपारी ४.२०

वायरमन येतो. त्याच्याकडे आणखी तीन डीप्या आहेत आणि शिडी एकच. नवी तार बांधतो, दांडा वर करतो. तीस बल्ब लागतात. पिल्लं क्षणभर गप्प होतात आणि मग पुन्हा सुरू. "भाऊ, चहा घेऊन जा," काका म्हणतात. तो उभ्यानेच घेतो. मोटारी आळीपाळीने लावा, असं सगळ्या वस्त्यांना सांगा म्हणतो. काका मान डोलावतात आणि फोन काढून एकेकाला लावायला बसतात. दोघे ऐकतात. तिसरा म्हणतो, माझा कांदा वाळतोय.

संध्याकाळी ६.१५

बल्ब चालू आहेत. शेडमध्ये ३४. तरी काकू सहाही शेगड्या झाडून, राख काढून, तुराट्या आणि कोळसा रचून दाराबाहेर मांडतात. बादल्या भरतात. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला. चुलीजवळ दोन विटा.

"दहाला मोटारी लागतील," मुलाला सांगतात. "त्याआधी जेवून घे. बारापर्यंत तू बस, पुढचं मी बघते."